तीन चाकांवरची सुनंदा

२६ ऑक्टोबर, रविवार

आज सायकल काढली नाही. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, हवेत मस्त गारवा, आणि मी घरात. आमची रविवारची मंडळी अन्नपूर्णा मंदिरापाशी जमून निघूनही गेली असेल. निघण्याआधी त्यांच्यातल्या जैनचा फोन आला होता. "दादा, कहाँ रह गए? सब राह देख रहे हैं." सर्दी झाली म्हणून सांगितलं.

सर्दी-बिर्दी काही नाही. काल हाडांच्या डॉक्टरनं मानेचा फोटो उजेडात धरून दाखवला. मणक्यांमधली गादी दबली आहे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर होऊन राहिली आहेत ती त्यामुळं. "अंकल, हँडल पर झुकना बंद." विचारलं, कितने दिन? हसला. "दिन नहीं अंकल. बंद मतलब बंद."

कॉलेजपासून चालवतोय. नोकरी लागली, स्कूटर आली, कार आली, रिटायर झालो, पण रविवार सायकलचा. मंडळीत वयानं मोठा मी, आणि राऊच्या चढावर पुढे पण मीच. म्हणजे होतो.

सुनंदाला सांगितलं. मेथी निवडत होती. "चला, आता रविवारचा चहा तरी गरम प्याल." बायको अशा वेळी असं बोलते याच्यावर काय म्हणायचं.

३१ ऑक्टोबर

ऋताचा बंगलोरहून फोन. आईनं लेकीला सगळं सांगितलेलं दिसतंय. ऋताच्या ऑफिसमधला एक जण देश सोडून चाललाय, त्याची सायकल आहे. "सायकल म्हणजे बाबा, ट्राइक. पाठ टेकून चालवायची. पाय पुढे, मानेवर ताण शून्य." फोटो पाठवला. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर आरामखुर्ची. मागे लांब काठीला केशरी झेंडी. ही घेऊन बाजारात गेलो तर लोक हातावर चिल्लर ठेवतील.

नको म्हटलं.

"पाठवली पण."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

८ नोव्हेंबर

खोका आला. ट्रान्सपोर्टवाल्यानं पार्किंगमध्ये आणून टाकला. जोडायला दुपार गेली. चेन एवढी लांब की संपतच नाही. पेडल खाली नाहीत, समोर एका दांड्याच्या टोकाला. तो दांडा आत-बाहेर सरकतो, ज्याच्या त्याच्या पायाच्या मापानं, आणि मग ॲलन पान्यानं कसायचा. हँडल कमरेच्या दोन्ही बाजूंना. सीट जाळीची. काम चांगलं आहे, तेवढं मान्य.

पण बसलो नाही. खालच्या मजल्यावरचे शर्माजी, वॉचमन, दोन-चार पोरं गोळा झालेली. "बैठिए ना अंकल, उद्घाटन कीजिए." बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखं. आणि उठताना कुणाचा हात लागला तर? इंदूरभर सांगतील.

वर चादर टाकून दिली.

९ नोव्हेंबर, रविवार

बाल्कनीतून मंडळी जाताना दिसली. जैननं खालून हात केला. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर आलेला नव्हता, कालचा होता.

१३ नोव्हेंबर

आज जे बघितलं ते लिहून ठेवतो.

दुपारी दही घेऊन परत आलो तर चादर बाजूला पडलेली आणि ट्राइकमध्ये सुनंदा. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.

सु.ला सायकल कधी आलीच नाही. लहानपणी देवासला भावाच्या सायकलवर चढली आणि पडली, तेव्हापासून नाव काढलं नाही. वर काही वर्षांपासून कानाचा त्रास, उठता-बसता चक्कर. घरात भिंतीला हात लावून चालते. स्कूटरवर मागे बसली की माझा शर्ट मुठीत.

"काय करून राहिलीस?"

"बसून बघत होते." मग म्हणाली, "अहो, हे पडत नाही."

आणि पेडल मारलं. पाय पुरत नव्हते, अंगठ्यांनी मारत होती. बिल्डिंगला एक चक्कर. मी मागे पळतोय, "ब्रेक! ब्रेक!" दुसरी चक्कर. वॉचमननं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या चकरेला ती हसायला लागली, मोठ्यानं. असं हसणं मी तिच्या बहिणी आल्या की आतल्या खोलीतून ऐकतो. माझ्यासमोर कधी...

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. दही पिशवीत सांडलं, त्यावरून वॉचमनवर चिडलो.

२० नोव्हेंबर

सु. रोज जाते. ट्राइकला नाव ठेवलंय तिपाई. दांडा तिच्या मापावर मीच बसवून दिला. आधी कॉलनीत, मग मंदिरापर्यंत, आज थेट फूटी कोठीला जाऊन पेरू घेऊन आली.

"चक्कर नाही येत?"

"बसलेल्या माणसाला कसली चक्कर. पण कुत्र्यांचं तोंड एकदम आपल्या तोंडासमोर येतं हो. पहिल्या दिवशी घाबरले. आता ओळख झाली."

पेरू चांगले होते. मी फूटी कोठीला शेवटचा कधी गेलो आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे व्हायचंच होतं. सु. गेटबाहेर निघत होती, समोरून मंडळी. जैन सायकलवरून उतरलाच. "भाभीजी! ये क्या रथ है! चलिए हमारे साथ, रेसिडेन्सी तक."

तिनं वर बाल्कनीकडे बघितलं. मी म्हटलं, जा की. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

उशिरा परतली. कान लाल, केस उडालेले, हातात जिलब्यांचा पुडा. कपडे न बदलता सगळं सांगत बसली. रेसिडेन्सीत झाडं किती, जैनच्या मुलाचं लग्न कसं मोडलं, कुणाची शुगर वाढली. माझी मंडळी. त्यांच्या बातम्या ती मला देतेय.

"आणि जैनभिया गातात किती छान! तुम्हाला माहीतच असेल."

माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकत्र जातोय. पण मी पुढे असायचो ना. मागे काय चालतं मला काय कळणार.

जिलबी खाल्ली नाही. तिनं विचारलं का. म्हटलं, शुगर. मला शुगर नाही, हे तिलाही माहीत आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही कार घेऊन या ना मागून, पोह्यांच्या वेळेला." कारमधून. त्या सगळ्यांसमोर कारमधून उतरू?

घरी चहा केला. गरम होता. प्यायलो नाही.

९ डिसेंबर

पेपरमध्ये फोटो. रविवारी सुपर कॉरिडोरवर कुणी पत्रकार भेटलेला म्हणे, ही मला काही बोलली नव्हती. पान तीन, चांगला मोठा. सु. आडवी पडलेली, गॉगल घातलेला (जैनचा!), झेंडी फडफडतेय. खाली लिहिलंय, "साठ की उम्र में पहली बार पैडल". आणि तिचं वाक्य, "मेरे पति भी चलाते हैं."

भी.

सकाळपासून फोन. तिची बहीण, माझी बहीण, ऋता. शर्माजींनी कात्रण लिफ्टमध्ये चिकटवलं. म्हणजे आता खाली-वर करताना दर वेळी बघायचं. माझ्या बहिणीनं विचारलं, "दादा, तू फोटोत का नाहीस?"

फोन सु.कडे दिला.

जिना वापरायला सुरुवात केली. डॉक्टरनं चालायला सांगितलंच आहे.

१८ डिसेंबर

सु. आज बहिणीकडे जुन्या इंदूरला गेली, रिक्षानं, कारण सोबत डिंकाच्या लाडूंचा मोठा डबा होता. तिपाई खाली. मी पाना घेऊन उतरलो. दांडा बाहेर ओढला, माझ्या मापावर कसला. इकडेतिकडे बघितलं. वॉचमन जेवायला गेलेला. बसलो.

बसणं अवघड नाही. मागे पडायचं, बस.

मग गेटबाहेर. मग मंदिर. मग थांबावंसं वाटेना, म्हणून रिंगरोडच्या कडेनं पुढे.

कसं सांगू. खरं तर इथं कुणाला सांगायचंय. मान टेकलेली. हात असे बाजूला, सैल, काही धरून ठेवायचं नाही. बोटांकडे लक्ष गेलं तेव्हा कळलं, पाचही बोटं आहेत. गरम. सायकलवर मी कायम पुढचं चाक आणि डांबर बघत आलो. इथं झाडांची खालची बाजू दिसते. कडुनिंबाचा शेंडा आणि त्याच्यामागे आभाळ, मान न उचलता. एक बसवाला जवळून गेला, चाक माझ्या खांद्याएवढं, तेव्हा जरा फाटली. पण त्यानंतर लगेच हसू आलं. मोठ्यानं.

तिचं हसणं तेच होतं. कळलं.

आणि कळल्याबरोबर हसू थांबलं. म्हणजे महिनाभर रोज ती हे घेतेय. माझ्यासाठी आलेलं. माझ्या मानेसाठी.

परत येऊन चादर टाकली. ती आल्यावर तिनंच विचारलं, "तिपाई वापरलीत का हो?"

"बसून पाहिलं. खुर्चीच आहे."

२० डिसेंबर

संध्याकाळी सु. खाली गेली आणि वर आली. "दांडा पुढे गेलाय. माझे पाय पुरत नाहीत. जरा मागे घेऊन देता? उद्या रविवार."

म्हटलं, बघतो.

थोड्या वेळानं परत. "अहो, दांडा."

"पाना सापडत नाहीये."

पाना माझ्या पँटच्या खिशात होता. मांडीला टोचत होता, तरी म्हणालो. असं का म्हणालो याचं उत्तर आहे माझ्याकडे, पण लिहीत नाही.

ती आत जायला वळली. "बरं."

२१ डिसेंबर, रविवार

वाटलं, आज जाणार नाही. अंधारातच दिवा लागला. खुडबुड. मी डोळे मिटून पडलो. दार वाजलं. बाल्कनीत गेलो.

सोफ्याची उशी नेली होती. ती पाठीमागे ठेवली, तिच्यापुढे बसली, म्हणजे अंग पुढे आलं आणि पाय पुरले. एवढं सोपं. चौकात मंडळी उभी. जैन ओरडला, "वाह भाभीजी, आज तो तकिया-मसनद! महारानी साहब!" सगळे हसले, तीही हसली.

मी सोफ्यावर बसलो. एक उशी कमी.

२६ डिसेंबर

सु. बोलते. जेवायला वाढते, ऋताचा फोन देते, औषध घेतलं का विचारते. दांड्याचं नाव काढत नाही. पान्याचं नाव काढत नाही. रोज उशी घेऊन खाली जाते, उशी घेऊन वर येते, झटकून जागेवर ठेवते.

ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. मग झालं असतं काही तरी.

२ जानेवारी

ठरवलं. रविवारी मी पण जाणार. माझी सायकल घेऊन. मंडळी देवगुराडियाला जाणार आहे, फार लांब नाही. डॉक्टर काय, डॉक्टर सगळ्यांना बंद म्हणतात. गेले दोन दिवस मान बरी आहे. बोटं पण.

हवा भरली. चेनला तेल. सु. दारात उभी राहून बघत होती.

"डॉक्टरनं नाही म्हटलंय."

"मला माहीत आहे काय म्हटलंय."

"तिपाई घ्या हवी तर. मी घरी राहते."

हे सगळ्यांत जास्त लागलं. हवी तर. जशी तिची आहे आणि ती देऊन राहिली आहे.

"मला नाही लागत खुर्ची," म्हणालो.

७ जानेवारी

डाव्या हातानं. अक्षर लागलं तर लागलं.

पडलो. उजवं कॉलरबोन. ऑपरेशन नाही, पट्टा. थोडक्यात वाचलो म्हणतात सगळे.

हात दुखला.

९ जानेवारी

थोडं थोडं लिहितो.

जाताना सगळं ठीक. मी पुढे. सु. मागे, जैनसोबत. त्यांचं हसणं ऐकू येई. मी अजून जोरात मारलं. परत येताना पुलाचा उतार. बोटं गेली, आधी दोन, मग सगळा पंजा. ब्रेक दाबतोय असं वाटत होतं. दाबला जात नव्हता. समोर दुधाच्या कॅनवाली मोटरसायकल. तिला चुकवायला कडेला घेतलं, तिथं रेती.

बाकी उद्या.

१० जानेवारी

डोळे उघडले तेव्हा जैनचा चेहरा वर. मग रस्त्याच्या पातळीवर केशरी झेंडी येताना दिसली, उलट्या बाजूनं, सगळ्या हॉर्नच्या विरुद्ध. सु. माझ्या मागे आहे असं वाटत होतं मला, पण परतताना चहाच्या टपरीवर सगळे थांबले तेव्हा ती न थांबता निघून गेली होती बहुतेक. वळून आली. ट्राइकमधून उठली. उठताना झोक गेला, चक्कर, तरी उठली, चार पावलं चालत आली आणि रस्त्यावर बसली माझ्याजवळ.

मला माझं दुखणं कमी, लाज जास्त. पहिलं वाक्य काय बोललो, तर "सायकल बघ."

"सायकल खड्ड्यात," ती म्हणाली. "हात हलवू नका."

कुणी तरी थांबवलेल्या कारमध्ये माझं डोकं तिच्या मांडीवर. तिपाई जैननं चालवत घरी आणली. म्हणजे त्यानं पण चालवली.

१४ जानेवारी, संक्रांत

सु. भरवते. आंघोळ घालते. शर्टाची बटणं लावते. आता ती भिंत झालीय आणि मी धरून चालतो, उलटं आहे सगळं.

तिळगूळ तोंडात घातला माझ्या. गोड बोला वगैरे काही म्हणाली नाही.

माझी पँट धुवायला काढली होती. पाना खिशात होता त्या दिवशीची, निळी. पाना टेबलावर ठेवला, माझ्या औषधांच्या शेजारी.

"हा मला गेल्या महिन्यातच सापडला होता," म्हणाली. "धुताना. परत ठेवला खिशात."

"मग दांडा का नाही नीट केलास?"

"वाट बघत होते. तुम्ही करता का."

खाली पोरं पतंगासाठी भांडत होती.

मग स्वतःहून म्हणाली, माझ्या शर्टाचं बटण लावत, बटणाकडे बघत, माझ्याकडे नाही. "मला तुमच्याशी शर्यत नाही लावायची हो. मला ते येतही नाही. पण मी या शहरात एकटी कधी कुठं गेलेच नाही. आधी देवासला बाबा न्यायचे, मग भाऊ, मग तुम्ही, नाही तर रिक्षावाला. फूटी कोठीला पेरू घ्यायला गेले ना, त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं मी कुठं आहे. तुम्हाला पण. मला इतकं..." हात नुसता वर नेला, मोकळा.

"अन् तुम्ही बाल्कनीतून असं बघता, जसं काही मी तुमचं चोरून नेलंय."

खरं आहे, असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "माझ्यासाठीच आली होती ती."

"मग बसायचं होतं," ती म्हणाली. "आठवडाभर चादर टाकून ठेवली होती."

२० जानेवारी

तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. कुणालाच माहीत नव्हतं मी कुठं आहे. ऐकताना वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी मनात दुसरं, मग माझं काय? माझी सायकल गेली, चढ गेला, रविवार गेला. तिला जे मिळालं ते सगळं माझ्यातून कापून दिल्यासारखं वाटतं. तसं नाही, माहीत आहे. वाटतं तसंच.

आज ती बाहेर गेली नाही. मला कंटाळा येईल म्हणून. तेही सहन झालं नाही. "जा की," म्हणालो. नोव्हेंबरमध्ये म्हणालो होतो त्यापेक्षा वेगळं म्हणायचं होतं. निघालं तसंच.

गेली नाही.

२५ जानेवारी, रविवार

जैन भेटायला आला, कचोरी घेऊन. सु. कॉफी करत होती तेव्हा मी त्याला विचारलं, सहज विचारतोय असं दाखवून, तू चालवलीस ना त्या दिवशी, कशी वाटली?

"दादा, सच बोलूँ? मजा आ गया. पर भाभीजी जैसी नहीं चलती मुझसे. वो तो उसमें बैठती नहीं, पहन लेती हैं."

कचोरी ताटलीत परत ठेवली. पण हेही खरं की जैनला तसं वाटलं हे ऐकून जरा बरं वाटलं. म्हणजे त्यालाही ती तितकी जमत नाही.

काय माणूस आहे मी.

३ फेब्रुवारी

डॉक्टरकडे. हाड जुळतंय. सायकल नाही, आता कधीच नाही, हे त्यानं सु.कडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही. मग सु.नंच विचारलं, "और वो तीन पहिये वाली?" तिनं मोबाइलवर पेपरमधला फोटो दाखवला. डॉक्टरनं मोठा करून बघितला. "अरे वाह, ये आप हैं?" मग मला, "अंकल, ये तो बढ़िया है. पट्टा निकल जाए, फिर चलाइए आराम से."

परत येताना कार शर्माजींचा मुलगा चालवत होता, म्हणून बोलता आलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्याकडे. आता एक तिपाई आणि दोन माणसं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सु. मंडळीसोबत गेली, पडल्यापासून पहिल्यांदा. मीच म्हणालो जा. या वेळी निघालं तसं जसं म्हणायचं होतं, असं वाटलं. दांडा तिनं स्वतः मागे घेतला, तिच्या मापावर. उशी सोफ्यावर राहिली.

ऋताचा व्हिडिओ कॉल. दुसरी मिळते का बघतेय, पण मिळत नाहीये, नवी बाहेरून मागवायची तर वेळ लागेल. "तोवर ट्राइक कुणाची, बाबा?" हसत विचारलं पोरीनं. मी म्हटलं, आईला विचार.

आई घरी नव्हती.

११ फेब्रुवारी

पट्टा निघाला. हात वर होतो, पूर्ण नाही.

जेवताना विचारलं. आयुष्यात ऑफिसात सुट्टी मागतानाही एवढी तयारी केली नव्हती. "मी नेऊ का एखाद दिवस?"

तिनं वरण वाढलं. तूप घातलं. "मंगळवार घ्या. शुक्रवार पण घ्या."

"आणि रविवार?"

"रविवार माझा."

नुसतं म्हणाली. रागानं नाही, भांडायला नाही. जसं म्हणतात हे ताट माझं. माझ्या घशाशी आलं होतं, अगं रविवार तर... गिळलं. वरण चांगलं झालं होतं, ते सांगितलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नेली नाही. हात दुखतोय म्हणालो. थोडा दुखत होता.

खरं म्हणजे दिलेली घ्यायची सवय नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सु. गेली. मी खाली उतरलो, फाटकापर्यंत. बाल्कनीतून नको वाटलं. मंडळी होती. "दादा! कैसे हो?" सगळ्यांशी बोललो, हसलो. मग ते निघाले. ती सगळ्यांत मागे, तिच्या गतीनं. तिच्यासाठी कुणी थांबत नव्हतं, आणि तिला कुणी थांबावं असंही वाटत नसावं. वळणावर झेंडी दिसेनाशी झाली. तरी मी उभा. वॉचमननं विचारलं, "कुछ चाहिए क्या, साहब?"

जळतं अजून. लिहून ठेवतो, म्हणजे उगाच मोठेपणा नको. जळतं. पण आज त्याच्याबरोबर दुसरं पण काही होतं, तिच्या पाठीकडे बघताना. त्याला नाव देत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी खाली गेलो तर सु. दांड्यापाशी उकिडवी बसलेली, हातात नेलपॉलिशची बाटली. लाल रेघ तिच्या मापावर. मग मला म्हणाली, "बसा, पाय लांब करा." बसलो. दांडा बाहेर ओढून तिनं माझ्या मापावर दुसरी रेघ मारली. पाना माझ्या हातात दिला. "आता कुणाला विचारायला नको."

उठताना हात दिला. घेतला. वॉचमन बघत होता.

उद्या मंगळवार. कुठं जायचं ठरवलेलं नाही. तिलाही सांगणार नाही.

आत्ता जैनचा फोन आला होता, तिच्या मोबाइलवर. येत्या रविवारी कजलीगडचा बेत करून राहिले आहेत, लांबचा, दिवसभराचा. मी आतल्या खोलीत होतो, पण ऐकू येत होतं. "उनसे पूछती हूँ," ती म्हणाली, "वो भी आते हैं क्या, कार से."

जेवणं झाली. भांडी झाली. अजून तिनं मला विचारलेलं नाही.